डेझर्ट: वाळवंट, परित्याग, प्राक्तन आणि गोड पदार्थ

आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पुढे निघतात, आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या प्रत्येकाला हे वाळवंट ठाऊक असतं. स्नान, भजन, कीर्तन, फुगड्या, सगळं तिथंच. आता एखादा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून 'वाळवंट' शब्दापुढे पाहिलं, तर 'डेझर्ट' हा प्रतिशब्द हमखास सापडतो. या इंग्रजी शब्दाच्या मुळापर्यंत गेलं, तर मात्र अर्थ निघतो 'सोडून दिलेली जागा'. महाराष्ट्रातल्या सर्वांत गजबजलेल्या जागांपैकी एकीला आपण इंग्रजीत शिरताना नकळत 'निर्मनुष्य' म्हणून बसतो.

सगळी गडबड इथूनच सुरू होते. मराठी 'वाळवंट' शब्दात वाळू आहे. ती नदीकाठची असो की जैसलमेरची, वाळू पाहिजेच. इंग्रजी 'डेझर्ट'मध्ये वाळूचा कणही नाही. तिथं आहे सोडून जाणं, काहीतरी नसणं. हा फरक लक्षात आला की 'डेझर्ट आयलंड' म्हणजे काय, नवऱ्यानं बायकोला 'डिझर्ट' केलं म्हणजे काय, बर्फानं झाकलेल्या अंटार्क्टिकाला डेझर्ट का म्हणतात, हे पाठ करावं लागत नाही.

आधी स्पेलिंगचं सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. डी-ई-एस-ई-आर-टी, म्हणजे एक एस असलेल्या स्पेलिंगचे तीन वेगळे शब्द आहेत: एक ओसाड प्रदेश, दुसरा सोडून जाणे हे क्रियापद, तिसरा 'ज्याला जे मिळायला हवं ते'. दोन एस असलेला चौथा शब्द जेवणानंतरच्या गोडाचा. यातले पहिले दोन सख्खे भाऊ. तिसरा आणि चौथा एकमेकांचे चुलत भाऊ, पण पहिल्या दोघांशी त्यांचं नातं नाही. दिसायला सारखे, घराणी वेगळी.

सुटलेली माळ

लॅटिनमध्ये 'सेरेरे' म्हणजे ओवणं, ओळीनं जोडणं. 'सीरिज' आणि 'इन्सर्ट' हे रोजच्या वापरातले शब्द त्याच धातूचे. त्याला उलट अर्थाचा 'डे' लागला की होतं 'डेसेरेरे', म्हणजे ओवलेलं सुटणं, जोड तोडून निघून जाणं. त्याचं कर्मणी रूप 'डेसर्टुम', अर्थात सोडून दिलेलं. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा रोख ओसाडपणावर होता. तिथं झाडं आहेत का, पाऊस किती, हा प्रश्नच नव्हता.

प्राचीन इजिप्तच्या भाषेत नाईलपलीकडच्या कोरड्या प्रदेशाला 'देश्रेत', म्हणजे 'तांबडी भूमी' म्हणत. त्यावरून 'डेझर्ट' आला असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं. ते खरं नाही. आवाजातलं साम्य योगायोगाचं आहे. लॅटिन ते फ्रेंच ते इंग्रजी ही साखळी कुठंही तुटत नाही, त्यामुळं इजिप्तपर्यंत जायचं कारणच उरत नाही.

जुना अर्थ आजही जिवंत आहे तो 'डेझर्ट आयलंड'मध्ये. या बेटावर नारळाची झाडं असतात, गोड्या पाण्याचा झरा असतो, कधीकधी दाट जंगलही असतं. नसतात ती फक्त माणसं. म्हणून याचं मराठी 'वाळवंटी बेट' असं करणं साफ चूक. ते 'निर्जन बेट'. बीबीसीवर १९४२ पासून चालत आलेल्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या रेडिओ कार्यक्रमातलं बेट हे असंच, एकट्यानं राहायचं बेट.

क्रियापदाचा उच्चार वेगळा आहे, 'डिझर्ट'. त्याचं 'डिझर्टेड' हे रूप जागेबद्दल आलं की मराठीत त्याला नेमका जोडीदार आहे: ओस पडलेला. दिवाळीत स्पर्धा परीक्षांची मुलं गावी गेली की सदाशिव पेठेतल्या खानावळी ओस पडतात; त्या 'डिझर्टेड' असतात. तिथं एरवी गर्दी असते हे त्या शब्दात गृहीत आहे. जिथं कधीच कुणी नव्हतं तिथं 'डिझर्टेड' शोभत नाही, तिथं 'अनइनहॅबिटेड' म्हणावं. मराठीतही पडतं ते ओस. आधी वस्ती असावी लागते.

माणसांबद्दल वापरताना या क्रियापदाला एक नैतिक वजन आहे. 'लीव्ह' म्हणजे नुसतं निघून जाणं. 'अबँडन' म्हणजे टाकून देणं, मग ती बंद पडलेली गाडी असो वा अर्धवट राहिलेला प्रकल्प. 'डिझर्ट' म्हणजे ज्याच्यासोबत राहणं आपलं कर्तव्य होतं त्याला सोडून जाणं. 'डिफेक्ट' याहून वेगळं, त्यात माणूस एक बाजू सोडून समोरच्या बाजूला जाऊन मिळतो. आपल्याकडच्या पक्षांतराला इंग्रजीत 'डिफेक्शन' म्हणतात ते त्यामुळंच. आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांत न सांगता यायचा बंद झालेल्या माणसाला सर्रास 'अबस्काँड' म्हणतात, तो शब्द मुळात कायद्याला चुकवून पळणाऱ्याचा. नोकरी सोडून गेलेल्याला तो लावणं जरा जास्तच कठोर आहे.

सर्वांत देखणा वापर अमूर्त गोष्टींचा. 'हिज करेज डिझर्टेड हिम.' याचं 'त्याच्या धैर्याने त्याला सोडले' असं भाषांतर वाचवत नाही. मराठीत माणसाचं अवसान गळतं, धीर सुटतो, पायातलं बळ जातं. 'सुटतो' हे क्रियापद इथं किती चपखल बसतं बघा, लॅटिन मुळाशी अगदी जाऊन भिडतं.

कोर्टात आणि फौजेत

कायद्यात 'डिझर्शन' हा शब्द आला की त्याला मोजमाप लागतं. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ मध्ये घटस्फोटाच्या कारणांत परित्याग येतो. अट अशी की अर्ज दाखल करण्याच्या लगतआधी सलग किमान २ वर्षं जोडीदारानं सोडलेलं असलं पाहिजे. विशेष विवाह कायदा १९५४ मध्येही हीच मुदत आहे. यातल्या 'लगतआधी' आणि 'सलग' या दोन शब्दांवर खटले अडतात. मध्येच दोघं पुन्हा एकत्र नांदू लागले तर मोजणी तुटते, आणि पुढे परत दुरावा आला तर २ वर्षं नव्यानं मोजावी लागतात.

नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: प्रत्यक्ष वेगळं राहणं, आणि सहजीवन कायमचं संपवायचा इरादा. त्याशिवाय जोडीदाराची संमती नसावी आणि सोडून जायला रास्त कारणही नसावं. नोकरीसाठी दुबईला गेलेला नवरा वेगळा राहतो, पण इरादा नसेल तर तो परित्याग नव्हे. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या बाईबद्दलही तेच.

इथं एक बारकावा आहे आणि तो ठाऊक नसल्यानं अनेक बायका विनाकारण घाबरतात. घरातून बाहेर कोण पडलं, यावर परित्याग कुणी केला हे ठरत नाही. मारहाण किंवा छळ सोसवेना म्हणून बाई निघून गेली, तर कायद्याच्या नजरेत सोडून जाणारा नवरा ठरू शकतो, कारण तिला बाहेर पडायला त्यानं भाग पाडलं. जाणूनबुजून केलेली उपेक्षासुद्धा कायद्यानं परित्यागात धरली आहे. 'घर सोडलंस म्हणजे तूच डिझर्ट केलंस' असं कुणी सांगत असेल, तर ते अर्धवट आहे. प्रत्यक्ष प्रकरणात कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला तारखांसह सगळं सांगावं: कधी निघाले, का निघाले, परत येण्याबद्दल कुणी कुणाला काय लिहिलं.

मराठीत यासाठी 'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदांवर रुळलेला आहे. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेतही विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्ता आहेत. बोलीभाषेत मात्र 'टाकलेली' म्हणतात. अर्थाच्या दृष्टीनं तो शब्द इंग्रजीशी जुळतो, पण ज्यानं टाकलं त्याच्याऐवजी बोट तिच्याकडे वळतं. परित्यक्ताच बरा.

फौजेत 'डिझर्ट' कर्माशिवायही चालतो. 'ही डिझर्टेड' एवढंच म्हटलं तरी तो फौजेतून पळाला असं समजतात. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आणि एनडीए खडकवासल्याला, त्यामुळं इथल्या अनेक घरांत हा शब्द कानावरून गेलेला असतो. सैन्य अधिनियम १९५० मध्ये परवानगीशिवाय गैरहजर राहणं कलम ३९ मध्ये येतं आणि पळून जाणं कलम ३८ मध्ये. पहिल्यात माणूस उशिरा का होईना परतणार असतो, दुसऱ्यात परतायचा किंवा ठरावीक कामगिरीवर जायचा इरादाच नसतो. कुणी परवानगीविना ३० दिवस गैरहजर राहिला की चौकशी न्यायालय बसतं आणि त्याला फरारी म्हणून नोंदवता येतं. प्रत्यक्ष युद्धसेवेत असताना किंवा तसा हुकूम मिळाल्यावर पळून जाण्याची कमाल शिक्षा मृत्युदंड आहे. इतर वेळी ७ वर्षांपर्यंत कैद. लग्नात असो वा फौजेत, शब्दाचे दोन पाय तेच: न राहणं, आणि न राहायचा इरादा.

पाऊस मोजून ठरणारं वाळवंट

भूगोलानं या शब्दाला आकडा दिला. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस किंवा हिम पडतं तो प्रदेश डेझर्ट, ही शाळेतली व्याख्या. माणसं, वाळू, उष्णता, यातलं काहीच तिच्यात नाही. म्हणून जगातलं सर्वांत मोठं वाळवंट अंटार्क्टिका ठरतं, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. सहारा सुमारे ९० लाख. लेहला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस आणि हिम पडतं, म्हणून लडाख हे शीत वाळवंट. खुद्द सहारातही वाळूनं झाकलेला भाग फार तर पाव. बाकी दगड, गोटे आणि उघडे कातळ. आणि 'सहारा' याचा अरबी अर्थच मुळी वाळवंट, तेव्हा 'सहारा डेझर्ट' म्हणजे वाळवंट वाळवंट झालं.

२५० चा आकडा सोयीचा असला तरी ढोबळ आहे. थंड प्रदेशात २५० मिलिमीटर पाणी पुष्कळ दिवस टिकतं, राजस्थानात ते लवकर उडून जातं. म्हणून कोपेन या हवामानशास्त्रज्ञाच्या वर्गीकरणात तापमानही धरतात. हिशेब घरी करता येण्याजोगा आहे. वर्षाचं सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्या, त्याला २० नं गुणा. पावसापैकी ७० टक्के किंवा जास्त एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर त्यात २८० मिळवा. आलेला आकडा म्हणजे कोरडेपणाची सीमा. पाऊस तिच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट. निम्मा ते पूर्ण यांच्यामध्ये असेल तर अर्धशुष्क प्रदेश.

जैसलमेरचं सरासरी तापमान २७ धरलं तर २७ गुणिले २० म्हणजे ५४०, अधिक २८०, एकूण ८२०. निम्मे ४१०. तिथला पाऊस २०० च्या आसपास, म्हणजे निर्विवाद वाळवंट. पुण्याचं तापमान २५ धरलं तर ५०० अधिक २८० म्हणजे ७८०, निम्मे ३९०. शहराचा पाऊस ७०० ते ७५० च्या घरात. म्हणजे हिरवंगार वाटणारं पुणे या मोजपट्टीवर अर्धशुष्क भरतं, अगदी काठावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही धरणं पश्चिमेच्या घाटातला पाऊस साठवतात, म्हणून नळ उघडताना हे जाणवत नाही. शहराच्या पूर्वेला, बारामती-इंदापूरकडे, पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो.

गंमत अशी की थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. पावसाच्या व्याख्येनं ते डेझर्ट, शब्दाच्या मुळानुसार अजिबात नाही. जोधपूरच्या संशोधन संस्थेच्या नावातही हा बदल उमटला आहे. १९५२ मध्ये ती 'डेझर्ट' वनीकरण केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९५९ पासून ती केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, काझरी, म्हणून ओळखली जाते. 'डेझर्ट' जाऊन 'ॲरिड' आला. शास्त्रज्ञ आज 'ॲरिड' म्हणजे शुष्क हा शब्द जास्त वापरतात, कारण त्यात फक्त पाण्याची गोष्ट आहे, ओसाडपणाचा शेरा नाही.

हा शेरा निरुपद्रवी नाही. पुणे जिल्ह्यातली सासवड, सुपे, इंदापूर भागातली माळरानं सरकारी नोंदीत वर्षानुवर्षं 'पडीक' किंवा 'वेस्टलँड' म्हणून येतात. झाडं नाहीत म्हणजे जमीन वाया, असा अर्थ लागतो आणि मग तिथं झाडं लावायच्या मोहिमा निघतात. प्रत्यक्षात हे गवताळ प्रदेश आहेत. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतात ते गवतामुळं. लांडगा, खोकड, धाविक हे सगळे उघड्या माळाचे प्राणी. तिथं दाट झाडी उभी केली तर त्यांचं घर जातं. मेंढपाळाला विचारलं तर तो त्या जमिनीला पडीक म्हणणार नाही, कारण त्याची मेंढरं तिच्यावर जगतात.

याच कारणानं 'डेझर्टिफिकेशन' या शब्दाचं मराठी 'वाळवंटीकरण' फसवं आहे. ते ऐकून डोळ्यांपुढे येते पुढे सरकणारी वाळूची टेकडी. संयुक्त राष्ट्रांचा या विषयावरचा करार १७ जून १९९४ रोजी पॅरिसमध्ये संमत झाला (म्हणून १७ जून हा वाळवंटीकरणविरोधी दिवस म्हणून पाळतात), आणि त्यातली व्याख्या वाळूचं नावही घेत नाही. शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्या-उपआर्द्र प्रदेशांत हवामानातल्या बदलांनी आणि माणसाच्या कृतींनी जमिनीची होणारी अवनती, एवढंच ती म्हणते. हे नीरेकाठी, उसाच्या हिरव्या फडातही घडतं.

कसं ते पाहा. नीरा डाव्या कालव्याखाली पाणी मुबलक. उसाला मोकाट पाणी दिलं की काळ्या, भारी जमिनीतून ते लवकर निचरत नाही आणि भूजलाची पातळी वर येते. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून साधारण दीड-दोन मीटरवर आली की केशाकर्षणानं पाणी वर चढतं, उन्हानं वाफ होऊन उडतं आणि त्यातले क्षार वर राहतात. दरवर्षी थर वाढतो, जमीन पांढरी पडते, उगवण विरळ होते. हीच क्षारपड जमीन. माती-परीक्षणात विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली तर क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण.

दोन्हींचा इलाज वेगळा आणि इथंच पैसे वाया जातात. क्षारयुक्त जमिनीत चर खोदून किंवा भूमिगत सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार धुवून काढायचे. तिथं जिप्सम टाकून काही होत नाही. चोपण जमिनीत जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथंच राहतो आणि जिप्समचा खर्च मातीत जातो. परीक्षण न करता जिप्समच्या गोण्या टाकणं ही नेहमीची चूक. सोडून दिलेली जागा हा जुना अर्थ अशा शेतात पुन्हा खरा होतो: पाणी आहे, रस्ता आहे, पण पीक येत नाही म्हणून शेतकऱ्यानं सोडलेली.

शब्दाला जोडलेले शब्द

उन्हाळ्यात घरोघरी निघणारा 'डेझर्ट कूलर' हा भारतीय इंग्रजीनं रुजवलेला प्रयोग. तीन बाजूंना वाळ्याचे किंवा लाकडाच्या बारीक तंतूंचे ताटवे, खाली टाकी, आत पंखा. वाळवंटासारख्या कोरड्या हवेत चालतो म्हणून हे नाव, आणि नाव अक्षरशः खरं आहे. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जितकी थंड होऊ शकते ती मर्यादा, सुमारे २१ येते. चांगला कूलर या १७ अंशांच्या फरकापैकी ८० टक्के उतरवतो, म्हणजे वारा २५ अंशांच्या आसपास मिळतो. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हा फरक जेमतेम २ अंश असतो. कूलर तेव्हा फक्त ओल वाढवतो. आणि खोलीची एक खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत आर्द्रता साचते, तासाभरात चिकचिक सुरू होते, आणि लोक कूलर बिघडला समजतात.

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेली टोळधाड 'डेझर्ट लोकस्ट'ची होती, तिथं 'वाळवंटी टोळ' हे भाषांतर बरोबर, कारण कीटक खरोखरच कोरड्या प्रदेशातला. गच्चीवर ठेवतात तो 'डेझर्ट रोझ' म्हणजे अडेनियम मात्र गुलाब नव्हे. खोडात पाणी साठवणारं झाड आहे ते, पावसाळ्यात आडोशाला ठेवलं नाही तर बुडाशी कुजतं.

'फूड डेझर्ट' ही संज्ञा १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये पुढे आली. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तिला माप दिलं: कमी उत्पन्नाची वस्ती, जिथल्या किमान ५०० लोकांना किंवा ३३ टक्क्यांना मोठं किराणा दुकान शहरात १ मैलाहून, गावात १० मैलांहून लांब आहे. ही मोजपट्टी पुण्याला जशीच्या तशी लावू नये. इथं भाजी सुपरमार्केटमधून कमी आणि हातगाडी, मंडई, सोसायटीच्या दारातल्या टेम्पोतून जास्त येते. भाषांतर करताना 'अन्नाचं वाळवंट' म्हणण्यापेक्षा 'ताजं अन्न न मिळणारी वस्ती' म्हणावं, अर्थ लगेच पोचतो.

चाकरीचं फळ

आता दुसरं घराणं. लॅटिन 'सर्विरे', सेवा करणं. त्यावर 'डे' लागला तो जोर देणारा, 'मनापासून सेवा करणं'. त्यातून 'डिझर्व्ह', म्हणजे सेवेनं लायक होणं, आणि त्याचं नाम 'डिझर्ट', म्हणजे त्या लायकीनं मिळणारं. पेशवाईत चाकरीच्या बदल्यात इनाम मिळे, अर्थ साधारण तोच. फक्त इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंनी कापतो: बक्षीस असो की शिक्षा, जे पदरात पडायला हवं ते.

आज तो बहुतेक एकाच प्रयोगात उरला आहे, 'जस्ट डिझर्ट्स'. इथं 'जस्ट' म्हणजे 'फक्त' नव्हे, 'न्याय्य'. 'ही गॉट हिज जस्ट डिझर्ट्स' याला मराठीत 'केल्याचं फळ मिळालं' किंवा 'करावं तसं भरावं' बसतं. उच्चार गोडाच्या शब्दासारखाच असल्यानं खुद्द इंग्रजी लिहिणारेही इथं दोन एस घालतात. वर्तमानपत्रांतही ही चूक दिसते. मिठाईच्या दुकानांना ते नाव मुद्दाम कोटी म्हणून देतात, ते वेगळं. यंत्रानं भाषांतर केलं की 'त्याला फक्त मिठाई मिळाली' असं निघू शकतं.

तत्त्वज्ञानात हाच शब्द एकवचनात येतो आणि तिथं तो फार कामाचा आहे. 'डिझर्ट' म्हणजे पात्रतेनं जे मिळायला हवं ते, आणि 'एन्टायटलमेंट' म्हणजे नियमानं हक्काचं. म्हाडाच्या सोडतीत ज्याचं नाव निघालं त्याचा घरावर हक्क आहे, पण त्यानं ते कमावलं असं कुणी म्हणणार नाही. वर्षभर राबून ऐन परीक्षेत तापानं फणफणलेल्या मुलीला पद मिळायला हवं होतं, पण गुणवत्ता यादीवर तिचा हक्क नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये युक्तिवाद केला की जन्मजात बुद्धी किंवा कुणाच्या घरी जन्मलो, हे आपण कमावलेलं नसतं, म्हणून वाटपाचा पाया पात्रता असू शकत नाही. गुणवत्तेवरच्या आपल्या वादांत हे दोन शब्द एकच धरले जातात. वेगळे धरले तर निम्मा वाद तरी स्वच्छ होईल.

त्याच 'सर्विरे'ला फ्रेंचमध्ये उलट अर्थाचा 'देस' लागला तो 'देसर्विर': वाढलेलं आवरणं, टेबल रिकामं करणं. ताटं उचलल्यावर जे येतं ते 'देसेर', इंग्रजीत दोन एसचं 'डिझर्ट'. दोन एस आहेत ते याच जोडामुळं, 'देस' मधला एक आणि 'सर्विर' मधला एक. एवढं लक्षात ठेवलं की स्पेलिंग कायमचं बसतं. जुन्या इंग्रजी घरांत या वेळी फळं आणि सुकामेवा येई, म्हणून आजही तिकडे कच्चं खायच्या गोड सफरचंदाला 'डिझर्ट ॲपल' म्हणतात. पाककृतीत तसं लिहिलं असेल तर आपलं नेहमीचं सफरचंद चालतं. आंबट, शिजवायचं शोधत बसायला नको.

मराठी जेवणात या शब्दाला जागाच नाही, कारण आपल्या पानात गोड शेवटी येत नाही. वरण-भात-तूप-लिंबानं सुरुवात, मग पुरणपोळी, श्रीखंड किंवा जिलबी पानातच, शेवट ताकभातानं. श्रीखंडाला 'डिझर्ट' म्हणणं हॉटेलच्या मेन्यूपुरतं ठीक. घरच्या पंगतीत ते पक्वान्न आहे, मुख्य जेवणाचा मान असलेलं. शब्दाच्या मुळाशी प्रामाणिक राहायचं तर पानं उचलल्यावर येतो तो विडा हे आपलं खरं 'डिझर्ट'. पुण्याचं आइस्क्रीम घातलेलं दाट पेय, मस्तानी, बिचारं कुठल्याच जागी बसत नाही, ते जेवणाशिवायच प्यायचं असतं.

पाककृतींत 'डिझर्टस्पून' आला तर तो १० मिलिलिटरचा, म्हणजे दोन छोटे चमचे. टेबलस्पून १५ चा. बेकिंग सोडा किंवा जिलेटिन घालताना ही गफलत झाली की प्रमाण दीडपट होतं: केक कडवट लागतो, पुडिंग रबरासारखं घट्ट होतं.

कानाला ओळखू येणारा फरक

मराठीत आघातानं अर्थ बदलत नाही, म्हणून हे शब्द आपल्याला ऐकूनही सारखेच वाटतात. आघात शोधू नका, पहिला स्वर ऐका. प्रदेशाचं नाव असेल तर पहिला स्वर स्पष्ट 'डे' आणि पुढचं 'झर्ट' हलकं, जवळजवळ 'डेझट'. बाकी तिन्ही शब्दांत, म्हणजे सोडून जाणं, केल्याचं फळ आणि गोड पदार्थ, पहिला स्वर ऱ्हस्व 'डि' आणि 'झर्ट' लांबवलेलं. 'प्रेझेंट' म्हणजे भेट आणि 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणं, 'रेकॉर्ड' आणि 'रिकॉर्ड', यांत हाच साचा आहे. हॉटेलात आपण गोडालाही 'डेझर्ट' म्हणतो. इथं सगळे समजतात, पण परदेशी पाहुण्याला क्षणभर वाळवंट दिसतं.

शब्दकोशात शोधताना शब्दाच्या डोक्यावरचा छोटा १, २, ३ हा आकडा बघावा. तो अर्थाचा क्रमांक नसून वेगळ्या घराण्याचा असतो, आणि पुष्कळजण पहिली नोंद वाचून कोश मिटतात. 'डिझर्ट्स' म्हणजे फळ, हा अर्थ बहुधा पुढच्या नोंदीत असतो. उच्चार पाहताना एक अपवादही दिसेल: 'डेझर्टिफिकेशन' हा शब्द प्रदेशाच्या नावावरून झालेला असूनही ब्रिटिश कोश त्याचा उच्चार 'डि'नं सुरू करतात, 'डिझर्टिफिकेशन'. आघात पुढे 'के'वर सरकला की पहिला स्वर मिटतो. या लेखात वर तो रुळलेल्या मराठी लेखनाप्रमाणे 'डे'नं लिहिला आहे; बोलताना 'डि' म्हणावं.